दहावीला 'पुरावा' कसा शिकवता? विजयदुर्ग आणि हेलियमचा प्रश्न वर्गात आला आहे

वाघोटणकाठ

देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवते. आठवी ते दहावी तिन्ही वर्ग माझ्याकडे आहेत.

दहावीचा पहिलाच पाठ इतिहासलेखनाचा. व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको ही नावं मुलं जोड्या लावण्यापुरती पाठ करतात. 'रांके यांनी मूळ दस्तऐवजांवर भर दिला' हे वाक्य माझ्या वर्गातलं प्रत्येक मूल झोपेतही म्हणेल. पण मूळ दस्तऐवज म्हणजे काय, तो हातात आला तर त्याला काय विचारायचं, हे त्यांना कुणी कधी करूच दिलेलं नाही. पेपर ४० गुणांचा, त्यात राज्यशास्त्रही बसवायचं, आठवड्याच्या तासिका मोजक्या. तरी हा पाठ नुसता वाचून पुढे जायची माझी इच्छा नाही, कारण नंतरचे सगळे पाठ यावरच उभे आहेत.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे १८ ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. मुलं भाषणं करतात. बहुतेक भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं: नॉर्मन लॉकयर या शास्त्रज्ञाने १८६८ च्या ग्रहणात याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला. किल्ल्यावर ज्यांना लोक 'साहेबाचे ओटे' म्हणतात ते चौथरे त्याला दाखवायला आहेतच.

यंदा दहावीतल्या एका मुलाने भाषणासाठी मोबाइलवर शोधाशोध केली आणि वर्गात उभा राहून विचारलं, "बाईनू, हयसर तर गुंटूर लिवलांहा. मगे आमचो किल्लो खंय गेलो?" अर्धा वर्ग त्याच्यावर धावून गेला. एक मुलगी म्हणाली, माझ्या आज्याने सांगितलंय, आजा काय खोटं बोलेल? मी म्हटलं, आजोबांचं म्हणणंही लिहून ठेवू आणि मोबाइलमधलंही, पुढच्या तासाला दोन्ही समोर घेऊ.

रांकेचा पाठ शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळणार नाही. पण ते हाताळायचं कसं? 'गावात सांगतात ते चूक' असं मी फळ्यावर लिहिलं तर मुलं इतकंच शिकतील की मोबाइल म्हणेल ते खरं आणि आजा म्हणेल ते खोटं. तेही मला नको आहे. शिवाय गावाचा अभिमान त्यात आहे, आणि तो दुखवण्याचा मला काही अधिकार नाही. कुणी असा प्रसंग वर्गात हाताळला आहे का?

निवृत्त मास्तर, राजापूर

बाई, त्या मुलाची पाठ थोपटा. आणि त्या मुलीचीही. दोघांनी मिळून तुमचा पाठ सुरू करून दिला आहे.

मी शिकवत होतो तेव्हा एक पथ्य पाळलं: निकाल मास्तरने द्यायचा नाही. कागद मुलांच्या हातात द्यायचे आणि निकाल त्यांना काढू द्यायचा. तुमच्या प्रकरणात कागद भरपूर आहेत. चार चिठ्ठ्या करा, त्यांचा क्रम मोडा, आणि प्रत्येक गटाला चारही द्या.

एका चिठ्ठीवर लिहा: १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण. जान्सेन नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातल्या गुंटूरला दुर्बीण आणि वर्णपटमापक (प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं उपकरण) घेऊन बसला आहे. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा त्याला इतक्या ठळक दिसतात की ग्रहण नसतानाही त्या दिसतील अशी त्याची खात्री होते. दुसऱ्या दिवशी तो त्या पाहून दाखवतो.

दुसरीवर: २० ऑक्टोबर १८६८. लॉकयर इंग्लंडमध्ये आहे. ग्रहण नाही. तोही तशाच रेषा पाहतो. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या जवळ आहे, पण सोडियमची नाही. जान्सेन आणि लॉकयर दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोहोचतात. पुढे दोघांच्या सन्मानासाठी जे पदक काढलं त्यावर दोघांचे चेहरे आहेत. त्या पिवळ्या रेषेमागच्या अनोळखी मूलद्रव्याला हेलियम हे नाव मिळालं ते लॉकयर आणि फ्रँकलंड यांच्याकडून.

तिसरीवर: १८९५. रॅम्झी हा रसायनशास्त्रज्ञ पृथ्वीवरच्या एका खनिजातून हेलियम वेगळा काढतो. तोवर पुष्कळांचा या मूलद्रव्यावर विश्वासही नव्हता.

चौथी चिठ्ठी तुमच्या किल्ल्याची: २२ जानेवारी १८९८, पुन्हा खग्रास ग्रहण. लॉकयर स्वतः विजयदुर्गला आला. 'मेल्पोमिनी' ही इंग्रजांची युद्धनौका त्याच्या मदतीला होती, आणि तिच्यावरच्या नौसैनिकांना त्याने निरीक्षणाच्या कामाला लावलं होतं.

आता मुलांना फक्त एवढंच विचारा: ओटे कशासाठी बांधले असतील? कोणत्या चिठ्ठीच्या वेळी? जड उपकरणं हलू नयेत म्हणून खाली पक्कं बांधकाम लागतं, एवढी एक गोष्ट सांगा आणि गप्प बसा. माझ्या मते ओटे १८९८ शी जुळतात. पण हे मी तुम्हाला सांगतोय, मुलांना सांगू नका.

बघा, तुमचा आजोबांचा प्रश्न इथे सुटतो. साहेब आला होता, हे खरं. ग्रहण झालं होतं, हे खरं. ज्याने हेलियमची रेषा ओळखली तोच साहेब आला होता, हेही खरं. ओटे आहेत. सरकलं ते फक्त साल. तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं गावाच्या आठवणीत एकावर एक येऊन बसली. आजोबा खोटं बोलले नाहीत, त्यांनी ऐकलेलं जपलं. लोकांच्या आठवणीतून इतिहास काढायचा तर तिच्यातलं काय टिकतं आणि काय घसरतं हे ओळखावं लागतं, आणि ते शिकवायला तुमच्याकडे किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. पुण्यामुंबईच्या शिक्षकाला हे नशीब नाही.

प्रत्येक चिठ्ठीला तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हे कोण सांगतंय? घटनेनंतर किती काळाने सांगतंय? त्याला हे कसं कळलं? आजोबांच्या गोष्टीलाही हेच तीन प्रश्न, मोबाइललाही हेच. तिथे पक्षपात नको. मोबाइलवर 'हेलियमचा शोध विजयदुर्गावर' असंही ढिगाने सापडतं, तेव्हा मोबाइल जिंकला असं कुणालाच म्हणता येणार नाही.

अजून एक. १८९८ च्या त्याच ग्रहणाचं निरीक्षण कावसजी दादाभाई नाएगामवाला या पुण्याच्या प्राध्यापकांनी जेऊरहून केलं होतं. आपल्याकडचा माणूस, आपल्याकडची वेधशाळा, तेच ग्रहण. तुमच्या मुलांच्या भाषणात हे नाव का नसावं?

हेलियमवर हात बसला की मग १७५६ घ्या. विजयदुर्गाला इंग्रजांच्या कागदांत 'घेरिया' म्हणतात. त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून, पेशव्यांची फौज जमिनीकडून, आणि मधे विजयदुर्गाचा आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे. आंग्र्यांचं आरमार बंदरात जळालं. किल्ला इंग्रजांनी आधी स्वतःच्या ताब्यात घेतला, आणि बाणकोटचा किल्ला पदरात पाडून घेतल्यावर त्याच वर्षी पेशव्यांना परत दिला. आरमार मराठ्यांचं आणि ते बुडवायला मराठेच इंग्रजांबरोबर, हे कसं? हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलाला पेलतो. त्याला कमी समजू नये. तुळाजीने पेशव्यांना काय केलं होतं, पेशव्यांना कोकणात काय हवं होतं, मुंबईच्या इंग्रजांना कसली भीती होती, हे तीन गटांनी तीन बाजूंनी मांडायचं. मी तर त्या तासाला बाकं तीन तोंडांनी लावून घ्यायचो.

बंदरजेटी

मी शिक्षक नाही. विजयदुर्गातलाच आहे, पर्यटकांना किल्ला दाखवतो, घरी राहायची सोयही करतो. हे सगळं वाचून मला बरं वाटलं नाही, म्हणून लिहितोय.

तो दिवस साजरा व्हायला लागल्यापासून किल्ल्याकडे लोकांचं लक्ष गेलं. शास्त्रज्ञ आले, दुर्बिणी आल्या, शाळेच्या पोरांना आकाश बघायला मिळालं. माझ्या घरातला मुलगा त्यामुळेच विज्ञानाकडे वळला. आता किल्ला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. अशा वेळी शाळेनेच सांगायचं की शोध इथे लागला नाही? लोक म्हणतील शाळेने गावाचं नाव घालवलं. मास्तरांनी लिहिलेलं मी नाकारत नाही, पण राजापुरात बसून लिहिणं सोपं आहे. बाईंना इथेच राहायचं आहे.

आणि आमच्याकडे नुसती ऐकीव गोष्ट नाही. पणजोबांनी आज्याला सांगितलेलं, आज्याने आम्हाला: साहेब बोटीतून इलो, खलाशांनी सामान खांद्यार घेवन किल्ल्यार चढवल्यानी, आणि ग्रहणाच्या वेळाक कोंबडे आरवले. हे खोटं कसं म्हणणार?

निवृत्त मास्तर, राजापूर

दादा, हे खोटं कोण म्हणतंय? तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. बोट आली, खलाशांनी सामान चढवलं. चौथी चिठ्ठी पुन्हा वाचा, युद्धनौका आणि तिचे नौसैनिक. तुमच्या पणजोबांच्या तोंडून आलेली गोष्ट १८९८ च्या कागदाशी जुळते आहे. पणजोबांचं वय धरून बघा, १८९८ ला ते किती वर्षांचे असतील? १८६८ ला ते जन्मले तरी होते का? हा हिशेब तुमच्या घरातच होईल, त्याला राजापूरचा मास्तर नको.

आणि गावाचं नाव कशाने जाईल? लॉकयर १८६८ ला अनोळखी रेषा शोधणारा तरुण होता. १८९८ ला तो जगातला नावाजलेला सूर्य-अभ्यासक होता, हेलियम पृथ्वीवर सापडून त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि असा माणूस जहाज घेऊन तुमच्या किल्ल्यावर आला. पर्यटकाला हे सांगा. त्याला तारीख तपासावीशी वाटली तर ती टिकेल. जी तारीख दोन मिनिटांत मोबाइलवर मोडते तिच्यावर गावाचा मान कशाला ठेवायचा? दिवस १८ ऑगस्टला साजरा करा की. त्या दिवशीचं ग्रहण हेलियमच्या गोष्टीची सुरुवात आहे, हे कुणी नाकारत नाही. भाषणातलं एक वाक्य फक्त नीट करायचं आहे.

सावित्रीकाठ

महाडजवळच्या शाळेत शिकवते. वर मास्तरांनी चिठ्ठ्यांचं लिहिलं तेच मी चवदार तळ्यासाठी वापरते, पण माझ्याकडे अडचण वेगळी आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आठवीत मुलांना '२० मार्च १९२७' पाठ असतं. मी त्यांना तारखेऐवजी ठराव देते. १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळं खुलं केलं. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. आणि उच्च न्यायालयाचा निकाल तळं खुलं ठेवण्याच्या बाजूने लागला तो थेट १९३७ ला.

हे पट्टे उलटसुलट करून दिले की कुठल्या ना कुठल्या गटातून प्रश्न येतोच: बाई, १९२४ लाच तळं खुलं झालं होतं, मग १९२७ ला पाणी प्यायला एवढ्या लोकांना का जावं लागलं? हा प्रश्न मुलांनी विचारला की माझं निम्मं काम झालं. कागदावरचा हक्क आणि पाण्यापर्यंत पोहोचलेला हात यांत तीन वर्षं होती, आणि त्यानंतरही दहा वर्षं कोर्टात गेली. हे मी व्याख्यान देऊन सांगितलं असतं तर ते वहीत राहिलं असतं.

वाघोटणकाठ ताई, तुमच्या प्रश्नाला जोडून माझं कळकळीचं सांगणं एवढंच की घरातल्या आठवणी वर्गात आणताना जपा. हेलियमच्या गोष्टीत कुणाला लाज वाटायचं कारण नाही, तिथे आजोबांना बोलवा, जरूर बोलवा. पण माझ्या वर्गात ज्यांच्या पणज्यांनी पाणी अडवलं आणि ज्यांच्या पणज्यांचं अडवलं, दोघांची मुलं एका बाकावर बसतात. तिथे मी 'घरी विचारून या' कधीच म्हणत नाही. तेराचौदा वर्षांच्या मुलाला आपलं घर सगळ्यांसमोर उघडायला लावू नये. तिथे कागद पुढे, घर मागे. ज्या मुलाला सांगावंसं वाटतं तो तास संपल्यावर आपणहून येतो, आणि तेव्हा मी ऐकते.

खोतीचंही तसंच, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनाचं. आमच्या जिल्ह्यात अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षांच्या आसपास चालला. नारायण नागू पाटलांचं नाव अजून घराघरांत आहे. खोताच्या घरातलं मूल आणि कुळाच्या घरातलं मूल, दोघंही माझी. तिथे मी १९३७ चं डॉ. आंबेडकरांचं खोती रद्द करण्याचं विधेयक आणि १९४९ चा कायदा समोर ठेवते आणि विचारते, संप संपल्यावर कायद्याला इतकी वर्षं का लागली? दुसरं महायुद्ध, सरकारं बदलणं, मुलं शोधून आणतात.

आमच्याच जिल्ह्यातल्या वरसईचे इतिहासकार वि. का. राजवाडे. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या २२ खंडांचा उल्लेख दहावीच्या पुस्तकात आहे. ते गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरांतली दप्तरं मिळवायचे. त्यांचा पाठ शिकवण्याआधी तुमच्या मुलांनी ओट्यांवर एक तास काढला असेल, तर तो पाठ त्यांना वेगळा कळेल.

वाघोटणकाठ

तिघांचेही मनापासून आभार.

मी असं ठरवते आहे. पहिल्या तासाला चार चिठ्ठ्या. पाचवी चिठ्ठी मुलीच्या आजोबांच्या गोष्टीची, जशी तिने सांगितली तशी, तिच्याच शब्दांत. गटांनी क्रम लावायचा आणि प्रत्येक चिठ्ठीखाली मास्तरांचे तीन प्रश्न. निकाल मी देणार नाही. दुसरा तास किल्ल्यावर, मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, पाऊस उघडला की जायचं. १७५६ मात्र दिवाळीनंतर, त्याला घाईत हात लावायचा नाही.

भाषणातल्या वाक्याचं मुलांवरच सोपवते. त्यांच्या चिठ्ठ्या ज्या बाजूला जातील तसं वाक्य तीच लिहितील. २२ जानेवारीलाही शाळेत काही करता येईल असं डोक्यात आहे: मुलांनीच तयार केलेला एक तक्ता, विजयदुर्ग आणि जेऊर दोन्ही ठिकाणं दाखवणारा. विज्ञानाच्या सरांनी सोडियमच्या पिवळ्या रेषेचा प्रयोग त्या दिवशी करून दाखवायचं कबूल केलं आहे. मिठाची चिमूट ज्योतीत टाकली की पिवळं दिसतं, तिथून सुरुवात. मुलांना कळलं पाहिजे की लॉकयरला फरक नेमका कशातला करायचा होता.

सावित्रीकाठ ताई, 'कागद पुढे, घर मागे' हे मी लिहून ठेवलं आहे. आमच्याकडेही काही विषय असे आहेत.

बंदरजेटी दादा, तुमच्या मनातली भीती मला समजते, मी याच गावाच्या पंगतीत जेवते. म्हणूनच तुम्हाला विचारते: पणजोबांची गोष्ट मुलांना तुम्हीच येऊन सांगाल का? बोट, खलाशी, कोंबडे, सगळं. मुलं ती लिहून घेतील, कोणी कोणाला सांगितली ती साखळीही लिहितील, आणि पणजोबांच्या वयाचा हिशेब तुमच्यासमोरच मांडतील. हिशेब काय निघतो ते आपण सगळे एकत्रच बघू. शनिवारी सकाळची शाळा असते, दहानंतरचा तास मोकळा ठेवते.

बंदरजेटी

येतंय. आवशीक पण घेवन येतंय, तिका माझ्यापेक्षा जास्त आठवता. पणजोबांचो जन्म कधीचो ता घरातल्या जुन्या कागदांत बघूक लागतला, मोडीत लिवलेले आसत. कोणाक वाचूक येता काय?

निवृत्त मास्तर, राजापूर

मोडी मला येते. कागदांचे फोटो नको, कागदच घेऊन ठेवा. शनिवारी मीही येतो.